दाजींचे फूटभर उंबरे

"तुझे दाजी गेले रे… चहा पिता पिता गेले." सिन्नरहून अक्काचा फोन आला, त्याला आता महिना होऊन गेला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नौदलात इंजिनरूमचे मेकॅनिक. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी एकाच विनाशिकेवर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजावर काढली. तिला कुणी 'बोट' म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग समोरच्याला बसवून समजावत, अंग सडपातळ, पत्रा पातळ, सगळी भिस्त वेगावर आणि पोटात खणच खण. एका खणात पाणी शिरलं तरी शेजारचा कोरडा राहावा, म्हणून दाराला फूटभर उंबरा.

निवृत्तीनंतर त्यांनी घर बांधलं आणि तिथंही पाचही दारांना फूटभर सिमेंटचे उंबरे घातले. सिन्नरला! जिथं नळाला पाणी आलं की माणसं शेजाऱ्याला हाक मारून सांगतात. आम्ही सगळे पाहुणे एकेकदा तोंडघशी पडलो. अक्का ताट सांभाळत बगळ्यासारखे पाय टाकायची आणि तोंडानं शिव्यांची लाखोली चालूच. दाजी ढिम्म. एकदा भर समुद्रात इंजिनरूममध्ये पाणी भरलं होतं, तेव्हा उंबरा ओलांडून दार लावता आलं म्हणून हा माणूस घरी आला. ते हसत सांगायचे, पण सांगताना उंबऱ्याच्या कडेवरून हात फिरवत राहायचे.

विनाशिका सेवेतून निवृत्त झाली, तेव्हा दाजी मुंबईला जाऊन तिचा झेंडा उतरताना पाहून आले. दोन दिवस धड जेवले नाहीत. उंबरे मात्र राहिले.

मग अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आता पडलात तर पुन्हा चालणं अवघड. अक्का दवाखान्यात मला म्हणाली, "मला तुझ्याकडंच ने. ते काय उंबरे तोडायचे नाय." हे सांगायला मी भीत भीत सिन्नरला गेलो. घरभर धूळ, दाजी घामाघूम, हातात छिन्नी-हातोडा. चार उंबरे फुटलेले, पाचव्यावर घाव चालू.

"दाजी, अहो पाणी शिरलं म्हणजे?"

"सिन्नरला कुठलं पाणी, पाव्हणं?" मान वर न करता ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हे कबूल केलं! मला हसू आलं आणि रडूही.

दाजींच्या माघारी परवा सिन्नरला गेलो होतो. अक्का आता काठीशिवाय चालते. स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली, तर सपाट दारात तिनं पाय चांगला फूटभर उचलला.

"अक्का, उंबरा नाही तिथं."

"ठाऊक हाय मला," ती कप ठेवत म्हणाली. "पण नुसतंच चालत आले, तर शिव्या कुणाला देऊ?"