चातुर्मासात सोडलेली गोळी

आमच्या घरात चातुर्मास लागला की प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. दिल्लीच्या शाळेत हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरात्रातला ‘फास्ट’ सगळ्यांना कळायचा. पण आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत वांगं खायचं नाही म्हटलं की मुली विचारायच्या, “बट व्हाय बैंगन?” मला उत्तर माहीत नसायचं.

बाबा दरवर्षी कारलं सोडायचे. कारलं त्यांना मुळातच आवडत नव्हतं.

“अहो, देवाला तरी सोडा,” आई म्हणायची. “त्याला काय कळत नाही का?”

“चार महिने तू करणार नाहीस, हा माझा फायदा. देव बीचमध्ये येतच नाही.”

आई कांदा-लसूण सोडायचीच. शिवाय आणखी एक काहीतरी सोडायची, ते सांगायची नाही. बोलून दाखवलं की नेमाचं बळ जातं, असं तिची आई म्हणायची. मग आम्ही ओळखत बसायचो. एका वर्षी चहा होता, एका वर्षी पायातल्या चपला. ऑफिसला मात्र ती चपला घालूनच जायची, कारण अनवाणी सेक्शन ऑफिसर मंत्रालयाच्या गेटवरच अडवली गेली असती. सोडलेली वस्तू कार्तिकीनंतर ब्राह्मणाला द्यायची असते. आमच्या सरकारी क्वार्टरजवळच्या मंदिरातले पंडितजी गढवालचे होते. पिशवीभर वांगी हातात घेऊन ते दर वेळी विचारायचे, “बहनजी, इनका करना क्या है?”

मी सांगतेय त्या वर्षी ती दुसरी वस्तू काय आहे, हे मला बरेच दिवस कळलं नाही. कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण संसदेचं पावसाळी अधिवेशन त्याच सुमाराला सुरू झालं होतं. अधिवेशन म्हणजे आईच्या घरी येण्याची वेळ ठरलेली नाही, फोन सारखा वाजणार, आणि खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं जेवतानाही तिच्या डोक्यात. अशाच एका अधिवेशनात, मी शाळेत असताना, तिच्या सेक्शनमधून गेलेल्या उत्तरात एक आकडा चुकला होता. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. त्यानंतर तिची झोप गेली. डिस्पेन्सरीच्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी एक गोळी लिहून दिली. अधिवेशन संपलं, गोळी राहिली. माझी शाळा संपली, कॉलेज संपलं, मी मेंदूविज्ञानात एमएस्सी केलं आणि एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करायला लागले, तेव्हाही ती होतीच. पाण्याचा पेला, गोळी, दिवा बंद. घरातला एक रिवाज असल्यासारखी.

आमच्या लॅबमध्ये अधिकच्या चिन्हाच्या आकाराची, उंचावर बसवलेली एक फळी आहे. तिच्या दोन बाजूंना भिंती आहेत, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आत बसून राहतो. आई घेते त्याच जातीचं औषध त्याला टोचलं की तो उघड्या बाजूवर येतो, कडेवरून खाली वाकून बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आनंद झाला होता. औषध बरेच दिवस देऊन एकदम बंद केलं की तोच उंदीर भिंतीला इतका चिकटतो की उचलावा लागतो.

आई त्या दिवसांत फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या जागेत जाऊन उभी राहायला लागली होती. कुकरची शिट्टी झाली की तिचे खांदे वर जायचे. वरण वाढताना डाव ताटाच्या कडेवर वाजायचा. ट्यूबलाइट डोळ्यांना टोचते म्हणून ती बंद करायला लावायची. “सेशन आहे,” बाबा म्हणायचे. मीही तेच म्हणत होते.

एका संध्याकाळी ती म्हणाली, आज दिवा तू लाव. देवघरात नैवेद्याच्या वाटीमागे गोळ्यांचे पत्ते ठेवलेले होते, वर हळदकुंकू वाहिलेलं.

मी स्वयंपाकघरात गेले. “आई, गोळ्या देवाजवळ का?”

“बघितल्यास का?” ती पोळी लाटत होती. “वाहिल्यात.”

“म्हणजे तू घेत नाहीयेस?”

“एकादशीपासून. आता बोलायला लावलंस ना, गेलं बळ.”

“आणि कार्तिकीला? पंडितजींना गोळ्या देणार?”

“देईन की. त्यांना तरी कुठे झोप लागत असेल? दोन मुली लग्नाच्या आहेत.” ती हसली. हसताना लाटणं हातातून सुटलं.

मला माझा विषय फक्त इंग्रजीत येतो. रिसेप्टर, विथड्रॉअल, टेपर. घरात बोलायची माझी मराठी भाजी, भाडं, तब्येत यांच्यापुरती आहे. ओट्याला टेकून मी शब्द शोधत राहिले. मग तिच्याच ऑफिसातून मला ते सापडले.

“तुझ्या सेक्शनमध्ये कॉन्ट्रॅक्टवर माणसं घेतली होती ना?”

“मग?”

“ती काम करत होती, म्हणून पर्मनंट पोस्ट हळूहळू सरेंडर होऊन रद्द झाल्या.”

“झाल्याच. बिल्कुल नालायकपणा आहे सगळा.”

“तुझ्या डोक्यात तेच झालंय. मेंदूचं स्वतःचं एक रसायन असतं, पेशींना शांत ठेवणारं. गोळी बाहेरून येऊन त्याला जोर देते. इतकी वर्षं बाहेरून जोर मिळाला, म्हणून मेंदूने आपली माणसं कमी केली. आता तू कॉन्ट्रॅक्टवाल्यांना एका दिवसात घरी पाठवलंस. सेक्शन रिकामं आहे आणि फायली तर येतच आहेत.”

तिने गॅस बारीक केला. मी काय काम करते ते तिला कधी कळलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत बायकांनी विचारलं की ती म्हणायची, “उंदरांचं काहीतरी.” त्या संध्याकाळी तिला ते कळलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“मग नवी भरती होईल की,” ती म्हणाली.

“होते. पण सावकाश. म्हणून गोळीही सावकाश कमी करायची असते, टेपर म्हणतात त्याला. आधी पाऊण, मग अर्धी. डॉक्टरांना विचारून.”

“सरेंडर झालेली पोस्ट परत आलेली मी तरी बघितली नाही.” तिने पोळी तव्यावर टाकली. “आणि नेमात पाऊण-अर्धं नसतं गं. कांद्याची अर्धी फोड खाल्ली तरी नेम मोडला.”

“हा कांदा नाहीये, आई.”

“तेच तर. कांदा सोडायला काय लागतं?”

मी तिला सांगितलं की अशी गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. हे मी इंग्रजीत म्हटलं. ती म्हणाली, स्वयंपाक करताना असलं बोलू नये.

बाबांना सांगितलं, तर ते आधी देवघरात जाऊन ते पत्ते बघून आले. परत आले ते खुशीत होते. “इतकी वर्षं मी म्हणत होतो, बंद कर, बंद कर. शेवटी देवाने ऐकलं.”

“बाबा, हे डेंजरस आहे.”

“अगं, लोक देवाच्या नावावर दारू सोडतात. तुझी आई काय कमी आहे? तुझं सायन्स लॅबमध्ये ठेव, यार. घरात तिला हिंमत दे.”

डिस्पेन्सरीच्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांनी ताबडतोब घेऊन यायला सांगितलं. आई म्हणाली, अधिवेशन संपल्यावर. गोळीचा एक पत्ता आणि पाणी घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. तिने हात जोडले. मला नाही, गोळीला. जशी प्रसादाला नाही म्हणताना जोडतात तसे.

ती रविवारी सकाळी पडली. बाबा भाजी आणायला गेले होते. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. बादली आपटल्याचा आवाज आला. मी गेले तेव्हा तिचा जबडा घट्ट मिटलेला होता, डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. तिला कुशीवर करायचं हे मला माहीत होतं. बादली बाजूला सारली, ओली चादर डोक्याखाली दिली. लॅबमध्ये हेच आम्ही स्क्रीनवर बघतो. एरवी पेशी आपापल्या वेळी बोलतात, फिटमध्ये सगळ्या एकदम ओरडतात आणि रेघा स्क्रीन भरून उंच होतात. इथे रेघा नव्हत्या. तिची टाच फरशीवर आपटत होती आणि बांगड्या वाजत होत्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

बाबा परत आले, त्यांनी पिशवी दारातच टाकली आणि तिचं नाव घेऊन हाक मारली. ते तिला नावाने कधी हाक मारत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी काय झालं ते विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी तेच औषध आधी शिरेतून दिलं, मग गोळी पुन्हा सुरू केली, आधीपेक्षा जास्त. काही महिन्यांनी कमी करत नेऊ, म्हणाले. दुपारी आईला नीट शुद्ध आली. जीभ चावली गेली होती, शब्द जड येत होते.

“दिली का?” तिने विचारलं.

“काय?”

“गोळी. मला दिली का?”

“हो.”

तिने तोंड भिंतीकडे केलं. “मोडला मग.”

बाबा म्हणाले, “अगं, तू नाही मोडलास. तू बेहोश होतीस. ते धरत नाहीत.”

तिने चादर तोंडावर ओढून घेतली.

घरी आल्यावर माझी अशी समजूत होती की आता रस्ता सरळ आहे. कारण समजलंय, डॉक्टर बरोबर आहेत, घाई करायची नाही. डोस कमी करायचा ठरलेला दिवस आला तेव्हा मी ब्लेडने गोळीचा चौथा भाग कापून काढला आणि उरलेली वाटीत ठेवली. तिने ती बाजूला सारली आणि पत्त्यातून सबंध गोळी काढून घेतली.

“मोडलेल्याचे आणखी तुकडे कशाला करतेस?”

तिला पुन्हा समजावलं. ऑफिसचंही उदाहरण दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. समजत नव्हतं असं नाही. तिच्या हिशेबी माणूस वस्तू एकदाच सोडू शकतो, पूर्ण, देवासमोर. तशी तिने सोडली होती आणि तिच्याच अंगाने तिला दगा दिला होता. चौथा भाग कमी घेऊन जगणं हा तिला कुठला मार्गच वाटत नव्हता. पेशी पुन्हा भरती करतात हे मी प्रयोगांत बघितलेलं आहे. त्यासाठी रोज थोडं घाबरायला तयार असावं लागतं, आणि ती तयारी तिने एकाच वेळी खर्च करून टाकली होती.

पुढे तिने प्रश्नोत्तरांचं काम सोडून दुसरं सेक्शन मागून घेतलं. तिथे फारसं काही नसतं. ती गोष्टी विसरते. दूध उतू जातं. डॉक्टरांनी एकदा डोस वाढवला, एकदा गोळी बदलली. देवघरात दिवा मी लावते. बाबा या विषयावर बोलत नाहीत. मी टेपर हा शब्द काढला की ती म्हणते, “मला शांत राहू दे.”

आता ती संध्याकाळीच गोळी घेते. पत्ते मीच आणते. त्याआधीचा तासभर ती चिडचिड करते, चहा गार आहे म्हणते, माझ्या लग्नावरून टोमणे मारते, टीव्हीचा आवाज सहन होत नाही. मग गोळी. थोड्या वेळाने तिचा चेहरा सैल होतो, आवाज मऊ होतो. ती मला जवळ बसवते, केसांतून हात फिरवते. “आज काय केलं तुझ्या उंदरांनी?” असं विचारते. मी सांगते. दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं आठवत नाही.

बक्षिसापेक्षा बक्षिसाची वाट बघताना मेंदू जास्त पेटतो, असं आम्हाला शिकवलं होतं. हल्ली लॅबमधून परत येताना मेट्रोत माझं लक्ष घड्याळाकडे असतं. तिने गोळी घेतलेली असावी आणि मी पोचावं, असं मला वाटत असतं. कधी मी लवकर पोचते आणि ती अजून चिडलेली असते. तेव्हा मी टेपरचं नाव काढत नाही. पेल्यात पाणी ओतते आणि तिच्यासमोर नेऊन ठेवते.