गोंदियाच्या गाडीआधीचं जेवण

काटोलहून सकाळच्या गाडीने आम्ही नागपूरला उतरलो तेव्हा गोंदियाची गाडी सुटायला सहा तास होते. मी, पत्नी आणि थोरली मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाला मुलगी दाखवायची होती. मुलगा जंगल खात्यात नुकताच लागलेला. तो त्याच दुपारी बालाघाटला हजर व्हायला निघणार होता आणि मग दिवाळीपर्यंत रजा नव्हती. त्या स्थळावर आणखीही मुलींच्या बापांचा डोळा होता. गाडी चुकली तर स्थळ गेलं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

माझं मत मुसाफिरखान्यात बसून राहावं असं होतं. पण शहराच्या महाल भागात माझा थोरला चुलत भाऊ राहत होता, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. जेवायला आलंच पाहिजे, आणि वाटेसाठी दशम्या बांधून आणल्यात तर अपमान समजेन, असं त्याने लिहून कळवलं होतं. म्हणून आम्ही दशम्यांऐवजी त्याच्यासाठी संत्र्यांची टोपली घेऊन गेलो.

दादा ओसरीवरच बसला होता. म्हणाला, "काहून गा, तू स्टेशनावर बसून राहणार होतास म्हणे? लोक मले काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हा त्याचा आवडता विषय. त्यानंतरचा विषय आपल्या घरचं सोवळं. वहिनी पहाटे न्हाऊन सोवळं नेसून चुलीपुढे बसल्या होत्या आणि दादा ओसरीवरून एकेक पदार्थ वाढवत होता. आधी वरणभात होता. मग पुरण आलं. पुरण शिजत असताना त्याला कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली पुडाची वडी आठवली.

"काटोलचे पाहुणे आहेत," तो आत ओरडला. "नागपूरची वडी नको का यायले?"

आतून कढईचा आवाज आला.

मी दोनदा गाडीची आठवण करून दिली. दोन्ही वेळा त्याने भिंतीवरच्या नव्या घड्याळाची हकीकत सांगितली. घड्याळात वाजले किती, हे त्याने पाहिलं नाही. मग स्वतःच कोट घालून विड्याची पानं आणायला बाजारात गेला. परत आला तेव्हा पाट मांडलेले होते, ताटं घ्यायची तेवढी राहिली होती. आता मात्र त्याला घाई झाली. "आटपा आटपा" करत तो कोटासकट सैपाकघरात शिरला आणि वळताना त्याचा खांदा वहिनींना लागला.

वहिनींनी हातातली पळी खाली ठेवली.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "बाजार शिवला. आता न्हाते, अन् पुन्हा चूल पेटवते. वडी पाहिजे होती ना तुम्हाले? घाला आता गाईले."

सोवळं आमच्याही घरी होतं. पण प्रवासातल्या माणसासाठी ते कुठे सैल करायचं हे आमच्या आजीलाही कळत होतं. दादाला कळत नव्हतं. तो म्हणाला, "दीड तासाचं काम. गाडी थोडीच वेळेवर सुटते."

"दादा, आम्ही निघतो."

"माझ्या दारातून पाहुणा उपाशी जाईल गा?"

"उपाशी तर सकाळपासूनच आहोत," मी म्हणालो.

दादा पायरीवर आडवा उभा राहिला. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. त्यांनी आमचीच टोपली उचलून मुलीच्या हातात दिली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "घे वं. फळाले ओवळं नाही. अन् मले आता कोणालेही शिवता येते." मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "सरका तिकडे, पोरीची गाडी जाईल."

तो सरकला.

टांगा स्टेशनात पोचला तेव्हा गाडी उभी होती. ती वेळेवर सुटली. कामठी मागे पडेपर्यंत निम्मी टोपली संपली होती. सालीने नखं पिवळी पडतील याची मुलीला काळजी, म्हणून तिला मी सोलून देत होतो.

स्थळ जमलं. लग्नाला दादा आदल्या दिवशीच हजर झाला. गाडीतून उतरला तो कोटासकट पहिल्या पंगतीला बसला आणि शेजारच्याला सांगू लागला, "आमच्या घरचं जेवण टाकून निघून गेले होते हे लोक."

मी वाढप्याला बोलावून त्याच्या पानावर पुडाची वडी वाढायला सांगितली. त्याने ती खाल्ली आणि आणखी मागितली.