आरपार टाका

पडदा वर जातो. चिखलीच्या खामगाव रस्त्यावर हरिओमचं वेल्डिंगचं दुकान. पत्र्याचं छप्पर, सकाळचं तिरपं ऊन. मधोमध आमच्या नाटक कंपनीची जुनी मॅटाडोर, प्रेक्षकांकडे पाठ करून उभी. नटानं असं करू नये, पण गाडीला कोण सांगणार? आणि तिच्या मागच्या चाकाशी, पदर कमरेला खोचून, वाकून खाली बघणारी नूरजहां.

नूरजहां पिंजारीण. लग्न होऊन आली तेव्हापासून ती आणि तिचा नवरा बद्रुद्दीन गावोगाव जाऊन लोकांच्या गाद्या उसवतात, कापूस पिंजतात, पुन्हा भरून शिवतात. आमच्या कंपनीच्या गाद्याही तिच्याच हातच्या. राजाचं काम करणारा असो की पडदा ओढणारा, दोघांना सारखीच मऊ. कंपनी बंद झाली तेव्हा मॅटाडोर मी यांनाच दिली. ती फिरती राहावी, एवढंच मला हवं होतं.

पण पिंजायचं मशीन या गाडीत चढवता-उतरवता बद्रुद्दीनची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायची मनाई केली. सुलतानपूरचा एक जण मशीन विकत घ्यायला शुक्रवारी येणार होता, आणि मशीन गेलं की यांचं फिरणंच संपलं. नूरजहांनं तेवढ्यात एक तोड काढली. मशीन छोट्या ट्रॉलीवर कायमचं बसवायचं आणि ट्रॉली गाडीमागं जोडायची. मग उचलायला काही उरतच नाही. फक्त म्हाताऱ्या गाडीला हूक पेलायला हवा.

हरिओमनं दोन हूक समोर ठेवले. एक बाजारातला, चकचकीत, बंपरला लावायचा. दुसरा त्यानंच केलेला, काळा आणि थोराड, गाडीखालच्या चासीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टनं आवळायचा.

"हा चमकते तो बरा दिसते," बद्रुद्दीन म्हणाला.

"कायले? बारातीत जाचं हाये का तुमाले?" नूरजहांनं बंपर धरून हलवला. गंजाचा भुगा खाली पडला. "नुसत्या खोळीले टाका मारला त कापूस धरते का? टाका आरपार पाहिजे."

"चाची, हे गाडी हाये, गादी नाही," हरिओम म्हणाला.

"एका अक्षराचा त फरक हाये बे."

हरिओम हसत गाडीखाली शिरला आणि चासी हातोडीनं ठोकून पाहू लागला. एका जागी आवाज बसका आला. थोडं पुढं लोखंड खणखणीत वाजलं. तिथवर पोचेल अशी काळ्या हुकाची पट्टी त्यानं लांबवली, भोकं पाडली, बोल्ट आरपार घालून आवळले. दोन्ही बाजूंनी साखळ्या लावल्या, ट्रॉलीच्या लाल दिव्याची वायर ओढली.

ट्रॉली जोडली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. ट्रॉलीचं ढुंगण खाली, तोंड वर. हूक वर उचलला जाऊन मॅटाडोरचा मागचा भाग हवेत जाऊ पाहत होता.

बद्रुद्दीन पायरीवर बसला. "नाही पेलत बुढीले. देऊन टाकू त्याले मशीन."

नूरजहां ट्रॉलीभोवती फिरून आली. "गाडीचा काय दोष? ट्रॉली उलाळ झाली. बंडीत सारे पोते मांगं रचले त बैलाच्या मानेवरचं जू वर जाईन का नाही?"

तसंच झालं होतं. कापूस टाकायला सोपं जावं म्हणून बद्रुद्दीननं मशीन मागच्या टोकाला बसवून घेतलं होतं. शेजारच्या दुकानातली माणसं आली, मशीन चाकांच्या जरा पुढं सरकवलं. ट्रॉलीचं तोंड खाली येऊन हुकावर नीट टेकलं. बद्रुद्दीननं तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं, पण हसला नाही.

मग ट्रॉली ओढून पाहायला आम्ही उंद्रीच्या रस्त्याला लागलो. गाडी बद्रुद्दीन चालवत होता, मी खिडकीशी, आमच्या मध्ये नूरजहां, मान वळवून मागच्या काचेतून ट्रॉलीकडे बघत. गतिरोधक आला, आधी आम्ही उडालो, मग ट्रॉली. पहिल्या चढावर बद्रुद्दीननं गिअर बदलला आणि मॅटाडोर कण्हली. अशी ती आमच्या दौऱ्यांतही कण्हायची आणि तरी तिसऱ्या घंटेच्या आत पोचवायची. उतारावर त्यानं ब्रेक दाबला. साखळ्या किणकिणल्या, ट्रॉली सरळ राहिली.

थोड्या वेळानं नूरजहां सावरून समोर तोंड करून बसली. कमरेची चंची काढून सुपारी कातरू लागली. बद्रुद्दीनचा आवाज जरा घाबरलेला.

"काऊन वं, मांगं पाहनं सोडलं?"

"मांगं काय पाहू? येऊन राह्यलं ना ते. तुमी समोर पाहा, उंद्री आली."