अर्धी अर्धी गोळी

बायकोची आठवण आली की मागोमाग तो माणूस आठवतो. नाव मी विचारलंच नाही. कोपरीचा, मिठागरात राबणारा, टाचा मिठानं फाटलेल्या. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झालेली. क्षयाच्या वॉर्डात आमच्या दोघांच्या बायका शेजारच्या खाटांवर होत्या.

नव्या गोळीची परीक्षा चाललेली. डॉक्टरांनी सांगितलेलं, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खडूची गोळी. कोणाला कुठली, ते तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून तो आला की आधी माझ्या बायकोचं तोंड बघायचा, मग स्वतःच्या बायकोचं. मीही तेच करायचो. त्याची बायको कमी खोकली की मी माझ्या बायकोच्या खोकल्याच्या उबळी मोजायला लागायचो.

एकदा तो म्हणाला, "दादूस, गोल्या वाटून घेवया. अर्दी तुजी, अर्दी माजी. मंजे नुसता खडू कोनीच खानार नाय."

मला पटलं. नर्सची पाठ वळली की तो नखानं गोळ्या मोडायचा आणि पडलेला चुराही बोटानं टिपून दोघींना चाटवायचा.

आधी त्याची बायको गेली, पाठोपाठ माझी. तिचं गाठोडं न्यायला गेलो तर तो रिकाम्या खाटेपाशी उभा.

"दादूस, गोली वाटली नसती तं एक वाचली असती काय रं?"

तेवढ्यात निरोप आला, कोणाची गोळी खरी ते डॉक्टर आता सांगणार आहेत, आत या.

आम्ही दोघं मागच्या दारानं निघून गेलो.