धुऱ्यावर चढवलेली टिटवी

आमच्या रिसोडच्या पक्षी बचाव मंडळात दोन सभासद आहेत. एक मी, शाळेतून निवृत्त झालेला आणि आता गावाबाहेर अर्ध्या एकरात भाजी पिकवणारा. दुसरा माझा मित्र, बाजारात घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या दुकानाच्या बाकड्यावर आमच्या बैठका होतात आणि गिऱ्हाईक आलं की बैठक बरखास्त होते. पक्ष्यांचं भलं करायचा उत्साह दोघांनाही दांडगा, फक्त भलं करून घ्यायला पक्षी वेळेवर मिळत नाहीत.

म्हणून मी शाळाशाळांतून भाषणं देतो. माझा ठरलेला विषय म्हणजे टिटवी. टिटवीनं सखल जागी अंडी घातली की पाऊस कमी आणि उंचावर घातली की पाऊस जोरात, असं आमच्याकडे अजून कितीतरी लोक धरून चालतात; काही तर अंड्यांची टोकं बघूनही पाऊस सांगतात. या समजुतीला मी दर उन्हाळ्यात झोडपून काढतो. टिटवीला आभाळातलं काही कळत नाही, तिला फक्त कुत्रं कुठून येतं तेवढं कळतं, असं सांगतो. पोरं हसतात, शिक्षक जांभया देतात आणि मी समाज सुधारून घरी येतो.

यंदा मेच्या शेवटी टिटवीनं माझ्याच एका मोकळ्या वाफ्यात चार अंडी घातली. बाजूच्या वाफ्यांत मेथी उगवली होती, तिला पाणी सोडणं भाग होतं. आणि पाण्याचा दांड दरवेळी नेमका त्या मोकळ्या वाफ्यापाशीच फुटायचा. म्हणजे अंडी बुडणार हे नक्की.

मंडळाची तातडीची बैठक भरली. मित्र म्हणाला, "मेथीले मरू द्या ना गुरुजी, जान से बढकर हाय का मेथी?" मेथी माझ्या बायकोनं पेरलेली होती. त्यामुळे हा ठराव नामंजूर झाला.

मग ठरलं की अंडी थोडी थोडी सरकवत बाजूच्या धुऱ्यावर न्यायची. दोन शेतांमधला हा बांध चांगला कमरेएवढा उंच, तिथं दांडाचं पाणी पोचणं शक्य नाही. एकदा वीतभर सरकवायचं, लांब जाऊन बसायचं, टिटवी पुन्हा अंड्यांवर बसली की पुढची वीत. चढावर मी खुरप्यानं पायऱ्या केल्या. टिटवी आणि तिचा नवरा आलटून पालटून आमच्या डोक्यावर झेपा घेत होते. मित्र हेल्मेट घालून आला होता, माझ्या डोक्यावर घमेलं होतं. दोन दिवस हा उद्योग चालला. त्या उन्हात रस्त्यावर किंवा शेजारच्या शेतात कुणी नव्हतं, म्हणून आमची अब्रू वाचली.

तिसऱ्या दिवशी टिटवी धुऱ्यावर ऐटीत बसलेली दिसली. मी फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या धुऱ्यावर टिटवीची चार अंडी. कृपया त्रास देऊ नये.' अंडी तिथं कशी आली ते लिहिलं नाही. ते लिहायचं तर घमेल्याचंही लिहावं लागलं असतं.

संध्याकाळी माणसं येऊ लागली. लांब उभी राहून, हळू आवाजात बोलत बघत होती. एकानं आपलं कुत्रं बांधून ठेवलं, दुसऱ्यानं शेळ्यांची वाट बदलली. मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या भाषणांचं चीज झालं म्हणून मी तिथंच आणखी एक भाषण ठोकलं. सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एक म्हातारा म्हणाला, "ते ठीक हाय गुरुजी. पन अंड्याचे टोकं खाली हायेत का वर?"

ही मंडळी पक्षी बघायला आलीच नव्हती. पाऊस बघायला आली होती.

गर्दीत धुऱ्यापलीकडचा माझा शेजारी होता. तोही भाजीवाला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याची मोकळी जमीन म्हणजे नाल्याकाठची एकच सखल पट्टी. तिथं लावायला त्यानं मिरचीची रोपं तयार केली होती, निंबाच्या सावलीत, हातानं पाणी शिंपून. तो मला म्हणाला, "टिटवी धुऱ्यावर चढली, म्हंजे औंदा पानी लय हाय. माही पट्टी बुडते. रोपं उद्या शिरपूरच्या साळ्याले धाडून देतो."

 मी तडक मित्राच्या बाकड्याकडे धाव घेतली. मित्रानं डोळ्यावरचं भिंग काढलं आणि म्हणाला, "काटा हातानं फिरवला तं टाइम बदलते का गुरुजी? जाऊन सांगून द्या." मी म्हणालो, खरं कळल्यावर त्या अंड्यांची राखण कोण करणार? तो म्हणाला, "मंग मिर्चीची राखन कोन करीन?" 

सकाळी गेलो तेव्हा शेजारी रोपं ओल्या पोत्यात बांधत होता. मी सगळं सांगून टाकलं, घमेल्यासकट. म्हणालो, "भाऊ, टिटवी सोता नाही चढली. आमी चढवली."

तो हसला नाही, चिडलाही नाही. "काहून चढवली?"

"पान्यात बुडाली असती म्हणून."

"मंग मी दुसरं काय म्हणून राह्यलो?"

मी दांड, वाफा, फुटलेली माती असं सगळं पुन्हा समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. "पन दोन दोन दिवस उन्हात बसाची बुद्धी तुमाले कोनं देली?" असं विचारून तो पुन्हा पोतं बांधू लागला. 

शेवटी खरं तेच बोललो. "भाऊ, पावसाचं मले काहीच समजत नाही. पन रोपं नका धाडू."

"ठेवू कुठी? माह्याजवळ उंच जागा हाय कुठी?" तो म्हणाला. मग त्यानं धुऱ्यापलीकडे हात केला. "तो वाफा माह्या पट्टीहून उंच हाय, अन् रिकामाच हाय ना तुमचा आता? टिटवीले न मांगता जागा देली तुमी. मी तं मांगून राह्यलो."

मला लाज वाटली. त्या निंबाखालून मी रोज जात होतो आणि त्याला कधी विचारलं नव्हतं, की भाऊ, एवढी रोपं लावणार कुठं. मी पोत्याचं एक टोक धरलं. टिटवी डोक्यावर ओरडत असताना आम्ही दोघांनी मिळून त्या वाफ्यात मिरची लावली.