हाक्यात गप्प झाले ती सकाळ

माझा आवाज मोठा आहे. नागपूरला कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. इथे परदेशात, वॉटर्लूला आलो आणि सगळ्यांना वाटायला लागलं. फोनवर बोलले की नवरा म्हणायचा, "अगं, हळू. भिंती पातळ आहेत इथल्या." लेक तर ग्रोसरीच्या रांगेत पुटपुटायची, "आई, प्लीज, यू आर सो लाउड." अस्सा संताप यायचा! माणसाने काय तोंडाला कुलूप लावून जगायचं?

त्या आवाजाचं कौतुक केलं ते एकट्या शेजारच्या म्हाताऱ्याने. शेतावर वाढलेला, बायको गेलेली, ऐंशीला टेकलेला. दारातलं बर्फ शोव्हल कसं करायचं, विंटर टायर कधी लावायचे, हे आम्हाला त्यानेच शिकवलं. मी बॅकयार्डातून मुलांना हाक मारली की तो कुंपणापलीकडून हसायचा. एका सप्टेंबरात म्हणाला, "नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला येशील? बंदूक नाही धरायची. फक्त ओरडायचं."

म्हणजे आपला रानातला हाका! मी हसतच सुटले. माझे बाबा वनखात्यात होते. त्यांच्या गावी रानडुकरं शेतात शिरली की गावकरी ओळीने डबे बडवत, आरोळ्या देत त्यांना हुसकायचे, आणि लहानपणी एकदा मीही त्यात तेलाचा डबा बडवला होता. इथे नुसतं ओरडायचं म्हटलं तरी शिकारीचं लायसन्स लागतं म्हणे. वीकेंडचा कोर्स करून तेही काढलं. नवरा म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय." फिरलं तर फिरलं.

खरं सांगू? मी गेले ती त्याच्यासाठी. त्याचे गुडघे गेले होते, आणि ख्रिसमसनंतर घर विकून तो हॅलिफॅक्सला लेकीकडे जाणार होता. ही शेवटची शिकार. मागची तीन वर्षं त्याला हरीण मिळालं नव्हतं. "एक मिळू दे, मग बंदूक पुतण्याला देऊन टाकतो," म्हणायचा. ते एक त्याला मिळावं असं मला फार वाटत होतं.

उत्तरेला दोन तासांवर त्याच्या भावाचं शेत होतं, शेताला लागून रान. रानाच्या एका टोकाला तो उपड्या बादलीवर बंदूक घेऊन बसायचा. दुसऱ्या टोकाकडून मी आणि त्याचे तीन पुतणे नारिंगी जॅकेटं घालून, अंतर राखून, ओरडत त्याच्याकडे चालत यायचो. नियम त्याने मला तीनदा बजावला होता. तोंड बंद करायचं नाही. ज्याचा आवाज येत नाही तो कुठे आहे ते कळत नाही, आणि ते कळेपर्यंत गोळी नाही.

त्या सकाळी भुरभुर बर्फ पडत होतं. "हाऽऽ, हुर्रऽऽ" करत मी निघाले. डावीकडून पुतण्यांचं "हो! हो!" यायचं, मग धुक्यात विरायचं. चालता चालता काय झालं कुणास ठाऊक, त्या आवाजांत बाबांच्या गावचे आवाज मिसळायला लागले. पायाखाली बर्फ होतं की तुरीची धसकटं, कळेना. कुठूनतरी डबा वाजत होता.

आणि समोर ती दिसली. हरिणी. पाठीवर बर्फ, कान टवकारलेले, दहा पावलांवर. तिच्या मागे एक शिंगवाला. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं. किती वेळ, देव जाणे. मग दोघं वळली आणि आवाज न करता म्हाताऱ्याच्या दिशेने गेली. आता बार होईल म्हणून मी कान देऊन उभी राहिले. बार झालाच नाही.

बाहेर आले तर तो बादलीवर तसाच बसलेला, बंदूक मांडीवर आडवी.

"शिंगवाला आला होता," तो म्हणाला. "त्या ओंडक्यापाशी थांबलासुद्धा."

"मग?"

"तुझा आवाज थांबला होता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर सगळे गप्प बस म्हणाले तेव्हा बसले नाही, आणि बसले ती नेमकी इथे! पुतण्यांची तोंडं पडली होती. मी रडायला लागले. त्याने थर्मासातला चहा ओतून दिला. "उद्याचा दिवस आहे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मात्र मी एक श्वाससुद्धा फुकट घालवला नाही. आरोळ्या संपल्यावर मुलांच्या नावाने ओरडले, नागपूरच्या भाजीवाल्यासारखी मेथी-पालक ओरडले, शेवटी बे एके बे सुरू केलं. हरीण काही दिसलं नाही. सतरा नव्वे पर्यंत आले आणि घसा पार बसला, तरी घोगऱ्या आवाजात ओरडत राहिले.

रानाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा त्याने बंदूक रिकामी करून पुतण्याच्या हातात दिली होती. हरीण न मिळताच. मी काही म्हणायला गेले तर आवाज फुटेना.

"आज सगळा वेळ कळत होतं," तो म्हणाला, "तू कुठे आहेस ते."

मग त्याने बादलीवरून उठायला हात पुढे केला, मी त्याला ओढून उभं केलं, आणि आम्ही बादली घेऊन ट्रककडे गेलो.