जागृती सिस्टरचे उघडे हात

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना जागृतीच्या बोटांवर कोडाचा पहिला पांढरा डाग उठला. खाडीकाठच्या तिच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं.

"मासळीवर दूध प्यायलीस, म्हनून झालं," आई पुतळाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "आता तुझ्याशी लगीन कोन करनार?"

जागृतीने ताटातला बोंबील संपवला, उठली, पातेल्यातलं दूध पेल्यात ओतलं आणि आईच्या डोळ्यांदेखत गटागटा प्यायली.

"बघू आता किती वाढतं."

वाढलं. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. दुधामुळे नव्हे, पण आईला ते पटवणं तिने सोडून दिलं.

माणिकपूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा तिथले व्यवस्थापक दबक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, पूर्ण बाह्यांचं घालत जा. पेशंटना कसंतरी होतं."

"जखमेसाठी हातमोजे घालीन, सर. डाग लपवायला काही घालणार नाही."

कुरकुर झाली, पण तिला कुणी काढलं नाही. चिघळलेला इसब, कुत्र्याचा चावा, सुरण चिरून सुजलेले हात, सगळ्यांना तिचाच हात हलका वाटायचा.

एका दुपारी नालासोपाऱ्याहून वसुंधराबाई आपल्या मुलीला, क्षितिजाला, घेऊन आल्या. मुलीचं लग्न ठरलेलं. पायावरचे कोडाचे डाग जावेत म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्ब्याचं तेल चोळलं होतं. नडगी काळी पडून फोडांनी टरारली होती. दवाखान्याचे डॉक्टर कॉन्रॅड यांनी तपासून पट्टीसाठी आत पाठवलं. जागृतीचे हात दिसताच वसुंधराबाईंनी मुलीला मागे ओढलं.

"दुसरी सिस्टर नाही का?"

"आहे. उद्या सकाळी येईल. तोवर पोरीचा पाय असाच जळू द्यायचा का?"

"आई, तुला त्यांच्या हाताची किळस येते, मग माझ्या पायाचीही येत असेल," क्षितिजा म्हणाली आणि स्वतःच टेबलावर चढून बसली.

जागृतीने हातमोजे चढवले, जखम हळुवार धुतली. एकही फोड न फोडता तिने मलमाची जाळीदार पट्टी ठेवली आणि वरून सैल बँडेज बांधलं. "खाजलं तरी नख लावायचं नाही. आणि तो बिब्बा पुन्हा अंगाला नको."

हातमोजे काढून, हात धुऊन ती वसुंधराबाईंकडे वळली. त्यांचा उजवा हात मघापासून पदराखाली होता.

"तेल कुणी चोळलं?"

बाईंनी पदर हातावर आणखी ओढून घेतला.

"हात दाखवा."

बोटं लालभडक सुजली होती, तळव्यावर बारीक फोड होते. जागृतीने तो हात आपल्या उघड्या, पांढऱ्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला. बाईंनी अंग चोरलं, पण हात काढून घेतला नाही.

"डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही," जागृतीने बजावलं.

क्षितिजा पट्टी बदलायला येत राहिली. एकदा जागृतीने विचारलं, "मुलाला सांगितलंस?"

"आई म्हणते, लग्नानंतर सांगू."

"आणि तू काय म्हणतेस?"

त्याच आठवड्यात क्षितिजाने मुलाला सगळं सांगून टाकलं. लग्न मोडलं.

वसुंधराबाई तरातरा दवाखान्यात आल्या. बाहेर बसलेल्या पेशंटांसमोरच ओरडल्या, "तुम्हीच भरवलंत तिच्या डोक्यात!"

"मी विचारलं, बोलली ती. चांगलं केलं तिने."

"लोक काय म्हणतील?"

"मला कधीपासून म्हणतायत. मी रोज कामावर येते."

जखम भरली, पण जळलेल्या जागी डाग आधीपेक्षा पसरला. डॉक्टरांनी कोडाचे रीतसर उपचार सुरू केले.

"डाग जातील?" क्षितिजाने जागृतीला विचारलं.

"काही भरतील, काही राहतील. खोटं सांगणार नाही."

"राहिले तर राहू देत."

त्या दिवशी तिने गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घातला होता. ती दवाखान्यासमोर रिक्षाच्या रांगेत उभी राहिली, तेव्हा पुढची बाई तिच्या पायाकडे टक लावून बघत राहिली. खिडकीतून जागृतीला क्षितिजाचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"कोड आहे, काकू. कुणाला लागत नाही. जरा पुढे सरका, रिक्षा आली."